मतयंत्रापुढील सात सेकंद

१९८२ सालीं केरळांतील परवूर येथें मतयंत्र प्रथम वापरलें गेलें. २००४ सालीं लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत तें आलें. तरीहि कळ दाबल्यावर अंबरनाथजवळच्या मोरिवलींतील एखाद्या मतदाराच्या मनांत शंका येऊं शकते: माझें मत योग्य जागीं पडलें ना?

लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुकींत या शंकेचें उत्तर मतदाराच्या डोळ्यांपुढेंच असतें. नांव पडताळून, बोटास शाई लावून व सही घेऊन झाल्यावर मतदान अधिकारी आपल्या यंत्रावरील कळ दाबतो. तेव्हांच मतयंत्र एका मतापुरतें मोकळें होतें. आडोशामागें जाऊन इष्ट चिन्हासमोरील निळी कळ दाबावी. तांबडा दिवा लागतो आणि शेजारच्या यंत्रांत कांचेमागें अनुक्रमांक, नांव व चिन्ह असलेली चिठ्ठी दिसते. सात सेकंदांनीं ती कापली जाऊन पेटींत पडते. ती हातीं दिली जात नाहीं; दिली असती, तर मत विकत घेणारास पुरावाच मिळाला असता.

म्हणून कळ दाबतांच पाठ फिरवूं नये. चिठ्ठी वाचावी. तींत दुसरेंच नांव दिसल्यास तेथेंच केंद्राध्यक्षास सांगावें. लेखी प्रतिज्ञा घेऊन तो चांचणी-मताची परवानगी देतो. मात्र तक्रार खोटी ठरल्यास शिक्षा होऊं शकते. घरीं आल्यावर मनांत उरलेल्या शंकेला मात्र असा पडताळा मिळत नाहीं.