दोन फ्रँकांची फारकत

स्विस फ्रँक आणि फ्रेंच फ्रँक ही दोन चलने साठहून अधिक वर्षे एकाच भावाची होती. ७ मे १८५० च्या कायद्याने स्वित्झर्लंडने कॅन्टनाकॅन्टनांची वेगवेगळी नाणी मोडीत काढली आणि नव्या नाण्याचे माप सरळ फ्रान्सकडून घेतले. एक फ्रँक म्हणजे ५ ग्रॅमचे चांदीचे नाणे, त्यातले दहापैकी नऊ भाग शुद्ध. पॅरिसच्या आणि जिनिव्हाच्या फ्रँकमध्ये धातू सारखाच असल्यामुळे वेगळा विनिमय दर ठरवण्याचे कारणच उरले नाही.

अडचण आली ती धातूंच्या भावातून. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणी लागल्यावर सोने स्वस्त झाले, चांदी महागली आणि चांदीची नाणी वितळवून विकणे फायद्याचे ठरू लागले. स्वित्झर्लंडने १८६० मध्ये किरकोळ नाण्यांतील शुद्ध चांदी हजारी ८०० वर आणली. फ्रान्सने काही नाण्यांसाठी ८३५ चे प्रमाण धरले. हलके नाणे बाजारात फिरते आणि भारी नाणे पेटीत जाते, हा ग्रेशमचा नियम. त्याचा त्रास टाळण्यासाठी २३ डिसेंबर १८६५ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड यांनी करार केला. लॅटिन चलन संघ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत चारही देशांची नाणी एका मापाची झाली. २० फ्रँकचे सोन्याचे नाणे कोणत्याही टांकसाळीतले असो, वजन ६.४५ ग्रॅम. मोठ्या व्यवहारांत दर किंचित वरखाली होई, पण सोने एका शहरातून दुसऱ्या शहरी नेण्याच्या खर्चाइतकाच. त्याहून फरक वाढला तर व्यापारी हुंडी घेण्याऐवजी सरळ सोनेच पाठवत आणि दर जागेवर येई.

ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रान्सने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि युद्धाचा खर्च बराचसा कर्जातून व नोटा छापून भागवला. कराराने नाणी अजून समान होती, बाजारात मात्र फ्रेंच फ्रँक घसरला होता. साहजिकच फ्रान्स आणि बेल्जियममधली पाच फ्रँकची चांदीची नाणी सीमा ओलांडून स्वित्झर्लंडकडे वाहू लागली, कारण तिथे ती पूर्ण किमतीत चालत. अखेर स्वित्झर्लंडने ती चलनातून काढून टाकली आणि १९२७ च्या आरंभी संघही संपला. पुढच्याच वर्षी पंतप्रधान पोआंकारे यांच्या सरकारने फ्रेंच फ्रँकची सोन्यातली किंमत युद्धापूर्वीच्या सुमारे एक पंचमांश ठरवली. स्विस फ्रँक जुन्याच मापावर टिकला होता. म्हणजे १९१४ पर्यंत एकास एक असलेला दर आता एका स्विस फ्रँकला ४.९२ फ्रेंच फ्रँक असा झाला.

सप्टेंबर १९३६ च्या अखेरीस दोन्ही देशांनी एकदमच अवमूल्यन केले. खरी घसरण दुसऱ्या महायुद्धानंतरची. तेव्हा दर डॉलरच्या मध्यस्थीने निघत: डॉलरला किती फ्रेंच फ्रँक आणि किती स्विस फ्रँक, यांचा भागाकार. डिसेंबर १९४५ मध्ये फ्रान्सने डॉलरचा भाव ११९.१० फ्रँक ठरवला, १९४९ मध्ये ३५० आणि डिसेंबर १९५८ मध्ये ४९३.७. डॉलरला सुमारे ४.३७ स्विस फ्रँक हा भाव जवळजवळ हलला नाही. परिणामी एका स्विस फ्रँकचे आधी सुमारे २७, मग ८० आणि शेवटी ११३ फ्रेंच फ्रँक झाले. १ जानेवारी १९६० रोजी फ्रान्सने शंभर जुन्या फ्रँकचा एक नवा फ्रँक केला आणि दोन शून्ये गळताच दर १.१३ वर आला. कागदावर दोन्ही चलने पुन्हा शेजारी दिसू लागली, एवढाच या बदलाचा अर्थ.

ही दरी नेमकी कशामुळे पडते? स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव्ह कॅसेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलेला क्रयशक्ती समतेचा सिद्धान्त सांगतो की, दीर्घ काळात विनिमय दर दोन देशांच्या भाववाढीतल्या फरकाच्या मागे जातो. महिन्या-दोन महिन्यांच्या चढउतारांना तो फारसा लागू पडत नाही, पण या दोन फ्रँकांच्या बाबतीत दशकांचा हिशेब बराच जमतो. १९८० मध्ये फ्रान्समधली महागाई १३ टक्क्यांच्या पुढे होती, तर स्वित्झर्लंडमध्ये ती ४ टक्क्यांच्या आसपास होती. १९७३ पासून स्विस फ्रँक मुक्तपणे तरंगू लागला होता, आणि १९८१ ते १९८३ या काळात फ्रान्सला युरोपीय चलनव्यवस्थेत तीनदा अवमूल्यन करावे लागले. १९९९ च्या आरंभी ६.५५९५७ फ्रँकला एक युरो असे फ्रेंच चलन कायमचे बांधले गेले, तेव्हा युरोचा भाव सुमारे १.६० स्विस फ्रँक होता. म्हणजे एका स्विस फ्रँकला ४.१ नवे फ्रँक. जुन्या फ्रँकांत मोजले तर ४१०.

पुढची कथा युरोची. २०११ मध्ये युरोपातल्या कर्जसंकटाला घाबरलेला पैसा सुरक्षित जागा म्हणून स्वित्झर्लंडकडे धावला आणि ऑगस्टमध्ये युरो एका फ्रँकच्या जवळ आला. निर्यातदार कोंडीत सापडले. ६ सप्टेंबरला स्विस नॅशनल बँकेने युरोचा भाव १.२० च्या खाली जाऊ न देण्याची घोषणा केली. चलन पडू न देणे आणि चढू न देणे यांत मोठा फरक आहे. पडत्या चलनाला सावरायला परकीय गंगाजळी लागते आणि ती संपते. चढत्या चलनाला रोखायला मात्र स्वतःचेच चलन निर्माण करून युरो घ्यायचे असतात, त्याला तांत्रिक मर्यादा नाही. मर्यादा येते ती साठत जाणाऱ्या युरोंच्या जोखमीची. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या प्रचंड रोखेखरेदीची घोषणा आठवड्यावर आली असताना, १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस बँकेने पूर्वसूचना न देता हा बांध काढला आणि व्याजदर उणे ०.७५ टक्क्यावर नेला. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्या बराच खाली कोसळला आणि मग त्याच्या आसपास स्थिरावला.

२०२२ मध्ये युरो पुन्हा एका फ्रँकच्या खाली गेला, पण त्याचा अर्थ वेगळा होता. ऑक्टोबरमध्ये युरो वापरणाऱ्या देशांत महागाई १०.६ टक्के होती. स्वित्झर्लंडमध्ये तिचा त्या वर्षीचा कळस ३.५ टक्क्यांचा. भाववाढीतला हा फरक वजा केला, तर स्विस मालावर पडलेला महाग फ्रँकचा बोजा दिसतो त्यापेक्षा बराच कमी निघतो. शिवाय महाग फ्रँकमुळे आयात स्वस्त पडते. म्हणून पूर्वी फ्रँक दाबून ठेवणाऱ्या त्याच बँकेने आता उलटी चाल केली आणि २०२३ मध्ये १३० अब्ज फ्रँकांहून अधिक किमतीचे परकीय चलन विकले.