उंची कुठून मोजायची?

पहाटे ४.३०
लिंबायतमधून गाडी काढतो तेव्हा लूमची रात्रपाळी अजून खडखडत असते. कामरेज, मांडवी, झंखवाव करत उमरपाड्याकडे जायचं. सुरत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे डुमसचा किनारा नि सपाट रस्ते येतात. जिल्ह्याचं पूर्वेचं टोक मात्र टेकड्यांचं, सागाच्या जंगलाचं आहे. बंधाऱ्यांसाठी तिथला चढउतार नकाशावर उतरवणं हे आमचं काम.

सकाळी ७
ड्रोन अजून पेटीतच. आधी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप. गिऱ्हाईक नेहमी विचारतं, "किती उंचावरून उडवणार?" कुठून मोजलेली उंची, हे कोणी विचारत नाही. साध्या स्वयंचलित उड्डाणात ती धरली जाते ड्रोन जिथून उडालं त्या जागेपासून. नाल्यात उभं राहून १०० मीटर टाकले आणि समोरची टेकडी ९० मीटरची असली, तर माथ्यावर उरतात १०. साग त्याहून उंच असतो. उलट माथ्यावरून उडवलं, तर नाल्यावर तेच ड्रोन १९० मीटरवर. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे ग्रीन झोनमध्ये परवानगीशिवाय १२० मीटरच, तेही खालच्या जमिनीपासून. म्हणजे सेटिंगला हात न लावता नियम मोडला.

यावर उपाय टेरेन फॉलो: जमीन चढली की ड्रोन चढतं, उतरली की उतरतं. पण जमीन किती चढली हे त्याला कोण सांगणार? आमच्या प्लॅनमधला नकाशा फेब्रुवारी २०००मध्ये अवकाशयानातल्या रडारनं मोजलेला आहे, एसआरटीएम नावाचा. ३० मीटरच्या चौकोनाला एक आकडा, आणि त्यात १६ मीटरपर्यंतची चूक गृहीतच धरलेली. मधलं टेकाड, कडा, सगळं त्या एका आकड्यात विरघळून जातं.

७.४५
नाल्यापलीकडे हाय टेन्शनचा टॉवर. बरोबरचा खानदेशी पोरगा म्हणतो, "तार नकाशामा दिसत नही, भाऊ." खरंच दिसत नाही, आणि ड्रोनच्या सेन्सरलाही बारीक तार नि पानं झडलेल्या सागाच्या काड्या धड दिसत नाहीत. मग टॉवरपासून लांब, पण त्याच पातळीवरच्या जागेवरून ड्रोन हातानं सरळ वर न्यायचं. कॅमेरा आडवा ठेवायचा. टॉवरचं टोक फ्रेमच्या मधल्या रेषेवर आलं की स्क्रीनवरचा आकडा वाचायचा: ५०.

आता हिशेब. ८० मीटरवरून फोटो छान येतात, पण ८०तून टॉवरचे ५० गेले, नकाशाच्या चुकीचे १६ गेले, उरले १४. एवढ्यावर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. टॉवरजवळच्या उड्डाणाच्या रांगा १०० वर नेल्या; चूक उलट्या बाजूला गेली तरी ११६, म्हणजे १२०च्या आतच.

८.३०
खरी कटकट परतीच्या उंचीची. बॅटरी संपत आली किंवा सिग्नल तुटला, की ड्रोन सरळ रेषेत घरी, म्हणजे उडालं त्या जागी, निघतं, आणि त्या वेळी टेरेन फॉलो चालू असेलच असं नाही. टेकडी ९०, झाड २०, वर ३० मोकळे ठेवले की १४० झाले. नाल्यावर ही उंची नियमाबाहेर. उडायची जागा अर्ध्या चढावर नेली तर? आकडा कमी दिसेल, हवेतली पातळी तीच राहील. इथं कुठलंच सेटिंग कामाला येत नाही. क्षेत्राचेच दोन तुकडे करायचे, नाल्याचा वेगळा, माथ्याचा वेगळा, आणि प्रत्येकाची उडायची जागा त्याच तुकड्यात. गिऱ्हाइकाला हा वेळकाढूपणा वाटतो. वाटू दे.

दुपारी १२.३०
नाल्याचा तुकडा झाला. वारा वाढला, डबे उघडले. पळसाखाली भाकरी आणि शेवभाजी.

३.३०
माथा. इथं टेरेन फॉलो नसता तर फोटोंचीही वाट लागली असती. १०० मीटर धरून ७५ टक्के ओव्हरलॅप ठरवला आणि जमीन ५० मीटर वर आली, तर तो ५० टक्क्यांवर येतो, आणि नकाशाला भोकं पडतात.

रात्री ८
ऑफिसात फोटो चढवले. नव्या मुलीनं विचारलं, "सर, डुमसच्या चाचणीत उंची उणे का येते?" जीपीएसचा कच्चा आकडा पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेला असतो, आपल्याकडे समुद्राची पातळी त्याच्याही पन्नास-साठ मीटर खाली आहे. तेवढी दुरुस्ती केल्याशिवाय बंधाऱ्याची उंची द्यायची नाही, एवढं तिला लिहून घ्यायला लावलं.

अहवालाच्या फॉर्मवर 'उड्डाणाची उंची' असा एकच चौकोन आहे. त्यात लिहिलं: जमिनीपासून ८०, टॉवरजवळ १००, दोन तुकडे, उडायच्या दोन्ही जागा मागच्या पानावर.