बघ्याचा पाठीराखा कसा होतो?

लखनौ छावणीत संध्याकाळी एखाद्या मैदानावर हॉकीचा सामना रंगात आलेला असला, की कडेच्या रस्त्याने घरी निघालेला एखादा सायकलस्वार हटकून थांबतो. एक पाय जमिनीवर टेकलेला, दुसरा पॅडलवर तसाच. म्हणजे मुक्काम करण्याचा त्याचा मुळीच विचार नसतो. खेळणाऱ्या दोन्ही पलटणींशी त्याचे काही देणेघेणे नाही. पण पाचदहा मिनिटे जातात, आणि ‘अरे, चेंडू सोड की!’ असे शब्द त्याच्या तोंडून निसटतात. त्या क्षणी त्याने एक बाजू घेतलेली असते. का घेतली, हे विचाराल तर त्यालाही सांगता यायचे नाही.

श्रोतेहो, खेळ ही तटस्थपणे पाहण्याची वस्तूच नव्हे. दोघांपैकी कोणी जिंकावे असे वाटेना, तर गोल झाला काय आणि हुकला काय, सारखेच. सामन्याची गोडी चाखायची तर मनाने एका बाजूला उभे राहावे लागते, आणि त्यासाठी कारणही फारसे लागत नाही. १९७० च्या सुमारास ब्रिस्टल येथे हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक निमित्ताने दोन गट पाडले. आपल्या गटात आणखी कोण आहे, हेही त्या मुलांना ठाऊक नव्हते. तरीसुद्धा पैसे वाटण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. बाजू आधी ठरते. तिची कारणे माणूस मागाहून शोधतो.

परंतु बाजू घेणे वेगळे आणि निष्ठा वेगळी. सायकलस्वार उद्या त्या पलटणीचे नावही विसरेल. तो पुन्हा मैदानावर यावा यासाठी बहुधा कोणीतरी त्याचा हात धरावा लागतो. कोणाचे वडील, कोणाचा मामा, कोणाचा कचेरीतला स्नेही. ‘तो बघ, डावीकडचा, त्याच्याकडे लक्ष ठेव,’ असे कोणी कानात सांगितले, की समोरच्या गर्दीतून एक माणूस वेगळा दिसू लागतो. लखनौत भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली संगीत महाविद्यालय निघाले. तेथील मैफलीला जो प्रथम केवळ सोबत म्हणून गेला असेल, त्यालाही समेची जागा कोणीतरी दाखवूनच दिली असणार. जाण आली की आवड पक्की होते, आणि आवड पक्की झाली की माणूस जाण वाढवीत जातो. मराठी घरांत हे हात धरण्याचे काम रेडिओने पुष्कळ केले. बाळ पंडितांच्या मराठी धावत्या वर्णनातून ज्यांनी क्रिकेट ऐकले, त्यांपैकी कित्येकांनी प्रत्यक्ष मैदान फार उशिरा पाहिले.

पुढची खूण भाषेत सापडते. रॉबर्ट सियाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांचे बोलणे तपासून १९७६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणत. हरला की ‘ते हरले’ म्हणण्याकडे कल असे. विजयानंतरच्या सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडेही अंगावर अधिक दिसत. हे वाचून आपल्याला हसू येते. मात्र आपल्याकडेही याहून निराळे घडत नाही.

तेव्हा पाठीराख्याची खरी ओळख ‘आम्ही हरलो’ या शब्दांत आहे. मुंबईच्या संघाने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. अशा संघाचा अभिमानी होणे हा सुखाचा व्यवहार म्हणावा लागेल! उलट महाराष्ट्राच्या संघाकडे पाहा. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० मध्ये पुण्यातच संयुक्त प्रांताला हरवून करंडक मिळविला, पुढल्या वर्षी तो राखलाही. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या हंगामांत संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिन्ही वेळा हरला. तरी त्याची वाट पाहणारी माणसे पुण्यात आहेत. पराभवाच्या दिवशी संघ सोडणे अगदी सोपे असते. जो तेव्हा सोडीत नाही, त्याने त्या संघात आपल्या आयुष्यातले काहीतरी गुंतविलेले असते: वडिलांसोबत घालविलेली एखादी दुपार, कोणाशी तरी धरलेला अबोला.

मग प्रश्न असा, की ही गुंतवणूक पैशाने उभी करता येते काय? लखनौने हा प्रयोग अलीकडेच पाहिला. २०२१ च्या ऑक्टोबरात आयपीएलमधील लखनौच्या संघाचे हक्क ७,०९० कोटी रुपयांना विकले गेले. गंमत अशी, की साथीच्या निर्बंधांमुळे या ‘लखनौ’ संघाने २०२२ चे आपले सगळे साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे खेळले! लखनौकरांना आपला संघ आपल्या गावात दिसला तो १ एप्रिल २०२३ रोजी, एकाना मैदानावर. त्याच वर्षी २० मे रोजी कोलकात्यात हा संघ मोहन बागानच्या रंगांचा पोशाख घालून उतरला. दोन्ही संघांची मालकी एकाच उद्योगसमूहाकडे, हे त्याचे कारण उघडच आहे. पण १८८९ साली स्थापन झालेल्या क्लबाची पिढीजात माया चार तास उसनी मिळावी, हाही हेतू असावा, असे मला वाटते. त्यानंतर १९ एप्रिल २०२४ रोजी चेन्नईचा संघ लखनौस आला, तेव्हा धोनीच्या ओढीने अर्धेअधिक मैदान पिवळे झाले होते. सामना लखनौने आठ गडी राखून जिंकला. यजमान जिंकले, आणि घरच्याच मैदानावर पाहुण्यांच्या रंगात बसलेली माणसे उठून घरी गेली. नव्या संघाजवळ पैसा होता, खेळाडू होते, त्या दिवशी विजयही होता. नव्हती ती वर्षे.

छावणीत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. येथली बिऱ्हाडे बदलीची. दोनतीन वर्षांत सामान बांधून अंबाल्याला नाहीतर बेळगावला जायचे. घर बदलते, शाळा बदलते, शेजार बदलतो. संघ तेवढा बरोबर नेता येतो. म्हणून येथल्या एखाद्या मराठी घरात वडील मुंबईच्या रणजी सामन्याचा निकाल शोधीत बसलेले असतात, आणि लखनौत शाळेला जाऊ लागलेला मुलगा लखनौच्या संघासाठी हट्टाने जागत असतो. वडिलांना ते थोडे लागते. आपण त्याला हात धरून मैदानावर नेले ते एकाना मैदान होते, हे मात्र त्यांच्या ध्यानात राहिलेले नसते.