मालाची ओळख, लेखकाच्या हाती

लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, असा समज विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांत होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर सुरुवातीला खपेना, त्यामागे हे एक मोठे कारण होते. नांगर चांगला आहे एवढे सांगून भागणारे नव्हते. शेतकऱ्याच्या मनातील भीती दूर करणे आवश्यक होते आणि ते काम लोखंडाचे नव्हते, शब्दांचे होते. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 मध्ये तेथूनच शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या मालाची वार्ता ग्राहकांपर्यंत नेण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. जाहिरातीच्या मराठी मजकुराचा एक महत्त्वाचा धडा या दोन जिल्ह्यांच्या मातीत गिरवला गेला आहे.

शंकरराव घरचेच होते. त्यांना माल ठाऊक होता, गिऱ्हाईक ठाऊक होते आणि लेखणीही हाताशी होती. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याला किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराला असा माणूस घरात सापडतोच असे नाही. पूर्णवेळ पगारी लेखक ठेवण्याएवढे कामही वर्षभर नसते. अशा वेळी बाहेरचा मुक्त लेखक, म्हणजेच फ्रीलान्स कॉपीरायटर, गाठणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. (कॉपीरायटर म्हणजे लिहिणारा आणि कॉपीराइट म्हणजे लिहिलेल्यावरचा हक्क. उच्चारांतील सारखेपणामुळे या दोहोंची गल्लत नेहमीच होते. हक्काचा मुद्दा पुढे येणारच आहे.)

असा लेखक शोधण्यासाठी पुण्या-मुंबईकडेच पाहिले पाहिजे, असे नाही. स्थानिक दैनिकांच्या जाहिरात विभागात, आकाशवाणीसाठी लिहिणाऱ्यांत, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पत्रकारिता शिकून बाहेर पडलेल्यांत तो भेटतो. सांगली ही तर नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' येथेच रंगवले. एकांकिका लिहिणाऱ्या तरुणाला कानाला गोड लागणारे आणि जिभेवर बसणारे वाक्य कोणते, हे बहुधा चांगले कळते. मात्र उत्तम कथा लिहिणारा प्रत्येक जण उत्तम जाहिरात लिहील, हा भ्रम आहे. कथेतील लेखक स्वतःच्या मनातले सांगतो, जाहिरातीतील लेखकाला गिऱ्हाइकाच्या मनातला प्रश्न ओळखावा लागतो.

जुन्या कामाचे नमुने मागताना केवळ देखणी पत्रके पाहून हुरळून जाऊ नये. त्यातील कोणता मजकूर त्याने स्वतः लिहिला, चित्र आणि मांडणी कोणाची, मालक कोणत्या अडचणीत होता, हे विचारावे. नेमके उत्तर देणारा लेखक कामाचा. त्यानंतर एखादे छोटे काम, समजा एका पाकिटामागचा मजकूर, रीतसर मोबदला देऊन करून घ्यावे. 'आधी फुकट लिहून दाखवा' असे म्हणणाऱ्या उद्योजकाला चांगले लेखक टाळतात, आणि ते योग्यच आहे.

काम सोपवताना मात्र खरी कसोटी उद्योजकाची असते. 'काहीतरी झकास लिहा' ही सूचना नव्हे. माल कोण घेतो, घरातला कोण निवडतो, शेजारच्या दुकानातील मालापेक्षा यात वेगळे काय, गिऱ्हाईक कोणत्या कारणाने परत जाते, एवढे एका कागदावर आले की निम्मे काम झाले. दुसरे असे की, लेखकाला माल जिथे तयार होतो तिथे न्यावे. सांगलीच्या हळदीचेच पाहा. 'शुद्ध, दर्जेदार, पारंपरिक' हे शब्द बाजारातील बहुतेक पाकिटांवर आढळतात, आणि संगणकाला सांगितले तर हल्ली तोही ते क्षणात लिहून देतो. परंतु सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवली जात असे आणि 2005 च्या महापुरात त्या पेवांची मोठी हानी झाली, ही गोष्ट तिथे जाऊन जुन्या व्यापाऱ्यांशी बोलणाऱ्यालाच मिळते. वाचणाऱ्याच्या ध्यानात राहते ती अशीच गोष्ट.

हळदीच्याच बाबतीत एक धोका आहे. उत्साही लेखक 'मधुमेह बरा होतो', 'कर्करोग टळतो' अशी वाक्ये सहज लिहून जातो आणि मालकही खूश होतो. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा करण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी मनाई केली आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड भरताना 'मी लिहिले नव्हते' हे उत्तर मालकाच्या उपयोगी पडत नाही. भौगोलिक मानांकनाचेही तसेच. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये ते मिळाले. परंतु पाकिटावर त्याचा वापर करण्यासाठी त्या व्यावसायिकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते. चांगला लेखक अशा वाक्यापाशी थांबतो आणि पुरावा मागतो. त्याचा राग मानू नये.

आता हक्काची बाब. पैसे दिले म्हणजे मजकूर आपला झाला, अशी बहुतेकांची समजूत असते. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. मुक्त लेखकाचे तसे नाही. त्याने लिहिलेल्याचा हक्क प्रथम त्याचाच असतो आणि तो लेखी करार करून, त्याच्या सहीनेच हस्तांतरित होतो. करारात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. क्षेत्र लिहिले नाही, तर हक्क भारतापुरता. मालाचे नाव किंवा घोषवाक्य लिहून घेताना या दोन ओळी राहून गेल्या आणि पाच वर्षांनी बेदाणा आखाती देशांत जाऊ लागला, तर तेच घोषवाक्य वादाचे कारण ठरू शकते.

मोबदला शब्दांच्या संख्येवर ठरवणे हे या कामात अन्यायाचेच आहे. चार शब्दांच्या घोषवाक्यामागे कधी कधी चार दिवस जातात. कामावर रक्कम ठरवावी, काही भाग आगाऊ द्यावा आणि दुरुस्त्या किती वेळा होतील तेही लिहावे, नाहीतर मालकाच्या मेहुण्याने सुचवलेले बदलही लेखकाच्याच माथी येतात. लेखकाने सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केली असेल, तर 2006 च्या कायद्याने त्याचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागतात.

राहता राहिली छपाई. लेखक मजकूर युनिकोडमध्ये पाठवतो, अनेक डीटीपी केंद्रांत मांडणी मात्र जुन्या फाँटमध्ये होते. या रूपांतरात रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व-दीर्घाची उलथापालथ होते. पडद्यावर ते ध्यानी येत नाही. म्हणून शेवटचे पान कागदावर काढून लेखकाच्या हाती द्यावे, त्याची सही झाल्यावरच ते छपाईला जावे, आणि या वाचनाचा मोबदला आधीच ठरलेला असावा. हे टाळले की ऐन सणाच्या तोंडावर हजारो खोकी छापून येतात, पहिले खोके उघडताना 'सात्त्विक'मधला एक त गळालेला दिसतो, आणि दिवाळीचा माल गुदामातच राहतो.