दुमडत्या टपाची दुरुस्ती

मोटारगाडीच्या दुमडत्या टपाचा वंश घोडागाडीपर्यंत मागें जातो. मुंबईची व्हिक्टोरिया ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना तिचें मागें मिटणारें चामडी झांकणहि आठवत असेल. वांकविलेल्या फांसळ्या, त्यांवर ताणलेलें आवरण आणि दोन्ही बाजूंस बिजागऱ्या, एवढाच त्याचा संसार होता. अमेरिकेंत १९३९ सालीं प्लिमथ गाडीस यंत्रशक्तीनें मिटणारा टप बसविण्यांत आला. तेव्हांपासून या साध्या संसारांत पंप, नळ्या, तारा आणि पुढें गणकयंत्रेंहि शिरलीं. सोय वाढली, तशीं बिघाडाचीं ठिकाणेंहि वाढलीं.

इंग्लंडांत किंवा अमेरिकेंत पंधरा-वीस वर्षें वापरलेली अशी गाडी पुष्कळदां माफक किंमतींत मिळते. आणि एखाद्या पावसाळी सकाळीं तिचा टप अर्ध्यावरच अडकून बसतो. मालक ती मोठ्या कारखान्यांत नेतो. तेथील रिवाज बहुधा भाग दुरुस्त करण्याचा नसून भाग बदलण्याचा असतो; त्यामुळें पंप, दांडे, प्रसंगीं सबंध सांगाडाच नवा घालण्याचा अंदाज हातीं पडतो. तो आंकडा गाडीच्या बाजारभावाहून मोठा निघाला, कीं इंजिन ठणठणीत असलेली गाडी मोडींत निघते. मूळ दोष कित्येकदां एखाद्या तुटलेल्या तारेचाच असतो, हें त्यांतील दुःख.

म्हणून खर्चाचा विचार करण्यापूर्वीं दोष कोठें आहे तें शोधणें, हाच काटकसरीचा खरा मार्ग होय. त्यासाठीं प्रथम कानाचा उपयोग करावा. बटण दाबल्यावर पंपाचा घरघर आवाज येतो कीं नाहीं? आवाज मुळींच येत नसेल, तर दोष विजेच्या बाजूस शोधावा. बॅटरी अशक्त असली, तर गाडीचें गणकयंत्र टप हलविण्यास साफ नकार देतें. डिकींतील सामानाचा पडदा योग्य जागीं बसलेला नसला, तरीहि तेंच होतें. आणि एवढ्याचसाठीं किती लोक गाडी घेऊन कारखान्याच्या दारांत उभे राहत असतील, कोण जाणे! त्यानंतर फ्यूज पाहावा. डिकीच्या झांकणाच्या बिजागरीजवळून जाणाऱ्या तारा रोज वांकून वांकून आंतल्या आंत तुटतात, त्या पाहाव्या. मग टपाची स्थिति यंत्रास कळविणारे बारीक स्विच तपासावे. यांपैकीं पुष्कळ कामें पैशांनीं नव्हे, सबुरीनें होतात.

आवाज येतो पण टप हलत नाहीं, असें असेल तर दोष तेलाच्या बाजूचा. टांकींतील तेल उतरलें आहे काय, आणि उतरलें असल्यास तें कोठून झिरपलें, हें पाहावें. नुसतें तेल भरून भागत नाहीं. दट्ट्याच्या नळकांड्यांतील रबरी कडीं वयोमानानें चिरतात. तीं बदलून तेंच नळकांडें पुन्हां वापरतां येतें, आणि हें काम करून देणारे कारागीर त्या देशांत आहेत. मात्र एक इशारा अवश्य दिला पाहिजे. तेलाचा दाब सुटला, कीं अर्धा उघडा सांगाडा एकदम खालीं येतो आणि त्याच्या सांध्यांत बोट सांपडलें तर ठेंचून निघतें. लांकडाचा भक्कम टेंकू दिल्यावांचून त्याखालीं हात घालूं नये.

या साऱ्या प्रकाराचें उत्तम उदाहरण म्हणजे बी. एम. डब्ल्यू. कंपनीची झेड-फोर ही गाडी. हिची पहिली पिढी २००२ ते २००८ या काळांत अमेरिकेंतील स्पार्टनबर्ग येथें तयार झाली. तिचा टप सुमारें दहा सेकंदांत मिटतो. परंतु त्याचा पंप चालविणारी मोटर गाडीच्या मागील भागांत, डाव्या अंगास, एका खोल कोपऱ्यांत फेसाळ रबरासारख्या वेष्टनांत बसविलेली आहे, आणि टपावरील पाणी वाहून नेणारी मोरीहि तेथेंच आहे. झाडाखालीं उभ्या राहणाऱ्या गाडीच्या मोरींत पालापाचोळा सांचतो, पाणी तुंबतें, वेष्टन स्पंजाप्रमाणें भिजतें आणि मोटर पाण्यांत बुडून गंजते. तेथवर हात पोंचविण्यास टपाची बरीच उस्तवार करावी लागत असल्यानें खरा खर्च भागाचा नसून मजुरीचा होतो.

यावर स्वतंत्र कारागिरांनीं आणि हौशी मालकांनीं काढलेला तोडगा मोठा समंजस आहे. मोटर बाहेर काढून उघडतात, वाळवितात, गंज साफ करतात, व ती अगदींच गेली असेल तरच दुसरी घालतात. पण परत त्या खड्ड्यांत न ठेवतां तारा वाढवून ती डिकींत, कोरड्या जागीं बसवितात. पुढें मोरी पुन्हां तुंबली तरी मोटर बुडत नाहीं. मूळ रचनाकारांहून दुरुस्त करणाराच येथें अधिक दूरदर्शी ठरला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

याच्या उलट टोंक पाहावयाचें, तर जपानची माझ्दा एम-एक्स-फाइव्ह पाहावी. ती १९८९ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. तिचा टप दोन कड्या सोडून हातानेंच मागें ढकलावयाचा. पंप नाहीं, तेल नाहीं. तेथें दोष उरतो तो कापडाचा आणि मागील खिडकीचा. पहिल्या पिढींतील ही खिडकी प्लॅस्टिकची असून थंडींत दुमडली कीं तडकते. पुढल्या पिढीचा कांचेच्या खिडकीचा टप याहि गाडीस बसतो, म्हणून मोडींतील गाडीचा सुस्थितींतला टप मिळाल्यास तो घेणें किफायतीचें पडतें.

कापड फाटलें असतां चिकटपट्टी लावण्याचा मोह टाळावा. ती उन्हानें सुटते आणि मागें चिकट डाग तेवढा ठेवते. चांगलें टपाचें कापड तीन पदरी असतें: वरून विणलेला पदर, मध्यें रबर, आंतून अस्तर. शिवण उसवली असेल, तर उन्हास टिकणाऱ्या पॉलिएस्टर दोऱ्यानें शिवून शिवणीचीं भोंकें बुजवावीं. सुती दोरा लवकर कुजतो. हें काम गाड्यांच्या गाद्या शिवणारा कारागीर करूं शकतो. मुंबईंत जुळविल्या गेलेल्या जीप गाड्यांचे कॅनव्हासचे टप असेच गांवोगांवच्या हातांनीं शिवले जात. चिकटवलेली कांच सुटली असेल तर तिला सुई चालत नाहीं. जुना डिंक खरवडून, योग्य जातीच्या डिंकानें ती पुन्हां बसवावी व डिंक पुरा वाळेपर्यंत टप दुमडूं नये.

मोऱ्यांची सफाई वर्षांतून दोनदां, निदान पानगळीनंतर, करावी. त्यासाठीं गवत कापण्याच्या यंत्रांतील जाड नायलॉनची दोरी भोंकांतून हलकेंच सरकवावी आणि वरून थोडें पाणी ओतून तें गाडीखालीं पडतें कीं नाहीं तें पाहावें. जोराच्या हवेचा झोत मात्र सोडूं नये. त्यानें नळीचा सांधा आंतल्या आंत निखळतो आणि पाणी गाडीबाहेर न जातां बैठकीखालीं सांचूं लागतें.