न दुखणारा पाय

सकाळची प्रार्थना आटोपली आहे. ड्रेसिंगच्या खोलीत बाकावर पाच-सहा जण रांगेनं बसलेत. प्रत्येकापुढे प्लास्टिकचा टब, टबात साधं पाणी आणि पाण्यात पाय. अचलपूरजवळच्या या मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात पाय चांगले वीस मिनिटं भिजल्याशिवाय सिस्टर पुढचं काम सुरू करत नाहीत.

शेवटी बसलेल्या बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. सिस्टर ठेंगण्या स्टुलावर बसतात, मांडीवर टॉवेल पसरतात आणि बाबांचा उजवा पाय त्यावर घेतात. अंगठ्यामागच्या उंचवट्यावर कवडीसारखा टणक, पिवळा घट्टा आहे. ब्लेडनं त्याचे पापुद्रे एकेक करून निघू लागतात. घाई अजिबात नाही. चौथ्या-पाचव्या पापुद्र्याखाली ओली जखम उघडी पडते आणि वास येतो. मी नकळत मागे सरकतो. सिस्टर उलट आणखी खाली वाकतात, कारण जखम किती खोल गेलीय हे त्यांना पाहायचंय. बाबा निवांत खिडकीबाहेर बघताहेत. त्यांना काहीच कळत नाही.

या रोगाचं मर्म तिथेच आहे. जंतू नसांवर घाला घालतो, हातापायांची जाणीव जाते. मग चटका, काटा, चपलेचा काच काहीच समजत नाही. बोटं रोगानंच झडतात असं लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून रुग्णांचे हातपाय बारकाईनं तपासले आणि दाखवून दिलं, की बहुतेक नासाडी न जाणवलेल्या जखमांची असते. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी रोग बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात. बाबाही केव्हाच बरे झालेत. गेलेली जाणीव मात्र परत आलेली नाही.

येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये त्याची आठवण म्हणून पाय धुतले जातात. तो विधी मी पाहिलाय आणि मला तो आवडतो. पण तिथे येणारे पाय घरून स्वच्छ होऊन आलेले असतात. इथे पायाच्या धन्यालाही जे दुखत नाही, ते दुसरं कुणीतरी शोधून काढतंय. मला यात एकमेकांचे पाय धुण्याची ख्रिस्ताची आज्ञा जितकी स्पष्ट दिसते, तितकी क्वचितच कुठल्या प्रवचनात दिसली असेल. सिस्टर त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. त्या जखम धुतात, कोरड्या कातडीला तेल चोळतात, पट्टी गुंडाळू लागतात.

मग चप्पल. मऊ रबराची, इथेच मिळालेली एमसीआर चप्पल. सिस्टर आत हात घालून बोटं सावकाश फिरवतात, थबकतात आणि चिमट्यानं बाभळीचा काटा ओढून काढतात. तळ भेदून आत आलेला.

"केव्हाचा हाय हा?"

"मले काय मालूम?" बाबा म्हणतात. मग जरा थांबून, "सिस्टर, यंदा आषाढीले जाता येईन काय जी?"

"जखम भरली तं येईन. पण पायी नाई."

"कौंडण्यपुराहून रखुमाईच्या पालखीसंगं चालत गेलो मी. गाडीनं गेलो तं कायची वारी?"

सिस्टरांचा हात थांबतो. त्या वर बघतात. गळ्यातला क्रूस पदराआड सारतात आणि शेजारचं स्टूल ओढून बाबांच्या बरोबरीनं बसतात. हे बोलणं त्यांना पायाशी बसून उरकायचं नाहीये.

"बाबा, पाय राह्यला तं पुढच्या वर्षीबी इठोबा भेटन. एसटीनं जा. पंच्याहत्तरीच्या वर तिकीट नाई लागत."

"आधारवर सत्तर हाय."

"मंग अर्धं लागन. अन् चपलेत रोज राती हात घालून पाहाचं."

बाबा मान डोलावतात, चप्पल घ्यायला हात पुढे करतात. त्या हाताची दोन बोटं आखडलेली आहेत आणि एकावर भाजल्याचा जुना डाग आहे.

"तुमचा हात नाई," सिस्टर म्हणतात. "नातवाचा."