अविनाश साबळे

अविनाश मुकुंद साबळे (जन्म: १३ सप्टेंबर १९९४) हे भारतीय धावपटू आहेत. ३,००० मीटर स्टीपलचेस म्हणजेच अडथळ्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत ते भारताचे प्रतिनिधित्व करतात. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल खेळांत त्यांनी रौप्यपदक, तर २०२३ च्या हांगचौ आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेले ते पहिले भारतीय पुरुष धावपटू ठरले. २०१८ ते २०२४ या काळात त्यांनी या प्रकारातील राष्ट्रीय विक्रम दहा वेळा मोडला.

प्रारंभिक जीवन

बीड जिल्ह्याच्या पूर्व भागातील माजलगावचा पट्टा सिंदफणा नदीवरील धरणामुळे बराचसा ओलिताखाली आला. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या आष्टी तालुक्याला मात्र अवर्षणाचा शाप आहे. दरवर्षी येथील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी घर सोडतात. साबळे यांचे आईवडील शेतकरी असून चरितार्थासाठी ते वीटभट्टीवरही काम करत. घरापासून शाळा सुमारे सहा किलोमीटर अंतरावर होती आणि वाहनाची सोय नसल्यामुळे अविनाश हे अंतर पायी किंवा पळत कापत असत. या धावण्यामागे खेळाडू होण्याची आकांक्षा नव्हती. वेळेवर शाळेत पोहोचणे एवढाच त्यामागील हेतू होता.

सैन्यातील सेवा

बारावीनंतर साबळे भारतीय सैन्याच्या महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये भरती झाले. सुरुवातीच्या काळात त्यांची नेमणूक सियाचीन हिमनदी, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम अशा परस्परविरुद्ध हवामानाच्या प्रदेशांत झाली. २०१५ मध्ये ते सैन्यांतर्गत क्रॉस कंट्री स्पर्धांत उतरले. दुखापतीनंतर वाढलेले वजन त्यांनी कठोर सरावाने उतरवले. सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांच्यातील क्षमता ओळखली आणि २०१७ मध्ये ते स्टीपलचेसकडे वळले. बहुतेक आंतरराष्ट्रीय धावपटू किशोरवयातच या शर्यतीची तयारी सुरू करतात. साबळे यांनी ती बाविसाव्या वर्षानंतर सुरू केली, ही बाब त्यांच्या पुढील वाटचालीचे मूल्यमापन करताना महत्त्वाची ठरते.

शर्यतीचे स्वरूप

३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये धावपटूला २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, असे एकूण ३५ अडथळे पार करावे लागतात. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. साध्या हर्डल शर्यतीतील अडथळा धक्का लागताच पडतो. स्टीपलचेसमधील जड लाकडी अडथळा जागचा हलत नाही. त्यामुळे अंदाज चुकल्यास धावपटूच पडतो. पाण्याच्या उडीत अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा, उतरत्या तळाचा हौद असतो. प्रत्येक उडीने धावण्याची लय मोडते आणि ती पुन्हा जुळवण्यात शक्ती खर्च होते. घोळक्यात धावताना पुढच्या धावपटूमुळे अडथळा उशिरा दिसतो, म्हणून या शर्यतीत वेगाइतकेच महत्त्व जागा राखण्याला असते.

या प्रकारावर केनियाचे दीर्घकाळ वर्चस्व राहिले. १९६८ ते २०१६ या काळात केनियाने भाग घेतलेल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सुवर्णपदक त्याच देशाला मिळाले. १९७६ आणि १९८० च्या ऑलिंपिकवर केनियाने बहिष्कार टाकला होता. मोरोक्कोच्या सुफियान एल बक्काली यांनी टोकियोत ही परंपरा खंडित केली.

महाराष्ट्रात या शर्यतीची ओळख साबळे यांच्याआधी ललिता बाबर यांनी करून दिली होती. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या होत्या.

कारकीर्द

२०१८ ते २०२१: विक्रमांची सुरुवात

पुरुषांच्या स्टीपलचेसमधील राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून गोपाल सैनी यांच्या नावावर होता. ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा हा विक्रम साबळे यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वर येथील राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ नोंदवून मोडला. सदतीस वर्षे अबाधित राहिलेला विक्रम मोडताना त्यांनी सुधारणा केली ती जेमतेम एका सेकंदाची. त्या काळात काही महिने ते बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्याकडे शिकले. पुढे ते पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे परतले.

एप्रिल २०१९ मध्ये दोहा येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. त्याच वर्षी दोह्यातच झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या पडण्यामुळे त्यांच्या मार्गात अडथळा आला. भारतीय संघाचा आक्षेप मान्य होऊन त्यांना अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. तेथे ते तेरावे आले. मात्र ८ मिनिटे २१.३७ सेकंदांच्या वेळेने त्यांनी टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली.

नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून त्यांनी त्या प्रकारातही तत्कालीन राष्ट्रीय विक्रम केला. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी ८ मिनिटे १८.१२ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम नोंदवला, तरीही आपल्या गटात सातवे आल्यामुळे ते बाहेर पडले. तिसऱ्या गटातील विजेत्याची वेळ त्यांच्यापेक्षा संथ होती. चांगली वेळ आणि पुढचा क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या निकालातून स्पष्ट झाले.

२०२२: बर्मिंगहॅम

देशांतर्गत स्पर्धांत साबळे यांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी नव्हता. सुरुवातीपासून आघाडी घेऊन एकट्याने धावण्याची त्यांना सवय झाली होती. घोळक्यातील डावपेच आणि शेवटच्या फेरीतील वेगबदल यांचा अनुभव मिळावा म्हणून २०२२ मध्ये ते अमेरिकेत स्कॉट सिमन्स यांच्या मार्गदर्शनाखाली सराव करू लागले. मे २०२२ मध्ये त्यांनी ५,००० मीटरमधील बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांपूर्वीचा राष्ट्रीय विक्रम १३ मिनिटे २५.६५ सेकंदांत मोडला. जून महिन्यात राबात येथील डायमंड लीगमध्ये त्यांनी ८ मिनिटे १२.४८ सेकंद ही वेळ दिली आणि ते पाचवे आले.

जुलैमध्ये अमेरिकेतील यूजीन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी अत्यंत संथ गतीने धावली गेली. विजेत्या एल बक्काली यांनाही ८ मिनिटे २५.१३ सेकंद लागले. अशा शर्यतीचा निर्णय शेवटच्या फेरीतील वेगावर होतो. साबळे ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांसह अकरावे आले.

त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्ट २०२२ रोजी, बर्मिंगहॅम राष्ट्रकुल खेळांत ते तीन केनियन धावपटूंसोबत धावले. १९९८ ते २०१८ या सहाही राष्ट्रकुल खेळांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने जिंकली होती. साबळे शेवटपर्यंत आघाडीच्या गटात टिकून राहिले आणि ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरे आले. सुवर्णविजेते अब्राहम किबिवोट यांची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद होती. सुवर्णपदक हुकवणारे अंतर ०.०५ सेकंदाचे असले, तरी १९९४ नंतर या शर्यतीत पदक मिळवणारे ते पहिले बिगर-केनियन धावपटू ठरले.

२०२३ ते २०२४: हांगचौ आणि पॅरिस

मे २०२३ मध्ये साबळे यांनी ५,००० मीटरचा स्वतःचा विक्रम १३ मिनिटे १९.३० सेकंदांपर्यंत खाली आणला. हा विक्रम २०२४ मध्ये गुलवीर सिंग यांनी मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत ते सातवे आले. त्या वेळी नवा नियम लागू झाला होता. प्रत्येक गटातील पहिले पाच धावपटूच अंतिम फेरीत जात होते आणि वेळेच्या आधारे प्रवेश बंद झाला होता.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ आशियाई खेळांत त्यांनी आरंभापासून आघाडी घेतली आणि ८ मिनिटे १९.५० सेकंद या स्पर्धाविक्रमासह सुवर्णपदक पटकावले. तीन दिवसांनी ५,००० मीटरमध्ये त्यांना रौप्यपदक मिळाले.

७ जुलै २०२४ रोजी पॅरिस डायमंड लीगमध्ये त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद ही वेळ नोंदवली. पुढील महिन्यात पॅरिस ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ते आपल्या गटात पाचवे, म्हणजे अखेरच्या पात्रता क्रमांकावर आले. अंतिम फेरीत त्यांना ८ मिनिटे १४.१८ सेकंदांसह अकरावा क्रमांक मिळाला.

२०२५: सुवर्ण आणि दुखापत

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे साबळे यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्णपदक ८ मिनिटे २०.९२ सेकंदांत जिंकले. ११ जुलै रोजी मोनॅको डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीत पडून त्यांच्या गुडघ्याला गंभीर इजा झाली. गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्यामुळे त्यांना शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियो जागतिक स्पर्धेला ते मुकले.

राष्ट्रीय विक्रमांची वाटचाल

३,००० मीटर स्टीपलचेस:

• २०१८, भुवनेश्वर – ८:२९.८०
• २०१९, पतियाळा – ८:२८.९४
• २०१९, दोहा (प्राथमिक फेरी) – ८:२५.२३
• २०१९, दोहा (अंतिम फेरी) – ८:२१.३७
• २०२१, पतियाळा – ८:२०.२०
• २०२१, टोकियो – ८:१८.१२
• २०२२, तिरुवनंतपुरम – ८:१६.२१
• २०२२, राबात – ८:१२.४८
• २०२२, बर्मिंगहॅम – ८:११.२०
• २०२४, पॅरिस – ८:०९.९१

महत्त्व

सैनी यांच्या विक्रमानंतर सदतीस वर्षांत भारतीय वेळेत कोणतीही सुधारणा झाली नव्हती; साबळे यांनी सहा वर्षांत ती जवळजवळ २१ सेकंदांनी कमी केली. इथिओपियाच्या लमेचा गिर्मा यांच्या ७ मिनिटे ५२.११ सेकंदांच्या जागतिक विक्रमापासून ते अद्याप १७.८० सेकंद दूर आहेत. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत सुवर्णविजेत्या एल बक्काली यांच्या व त्यांच्या वेळेत मात्र ८.१३ सेकंदांचेच अंतर होते. राष्ट्रीय स्तरावर एकट्याने धावणारा खेळाडू जागतिक शर्यतीत घोळक्यात टिकू शकतो, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवून दिले.

पुरस्कार

भारत सरकारने २०२२ मध्ये साबळे यांना अर्जुन पुरस्काराने सन्मानित केले.